रिकाम्या खुर्चीची संमती

५ फेब्रुवारी

कामाचं घरी बोलायचं नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कोर्टातलं भांडण उघड्यावर असतं, लवादासमोरचं बंद दाराआड. म्हणून तर लोक लवादाकडे येतात. पाच महिने मी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही आणि आता पोट फुगलंय. वहीला काही घर म्हणत नाहीत, अशी पळवाट काढून आजपासून लिहिते आहे. तरी नावं लिहिणार नाही.

सर एका मोठ्या तपासणी प्रयोगशाळेचे निवृत्त प्रमुख. दोन धंदेवाल्यांचं बिनसलं की दोघं मिळून त्यांना लवाद नेमतात, आणि सर जो निवाडा देतील तो दोघांना बांधील. मी त्यांची सहायिका. कायद्याची परीक्षा झाली, पण सनद मिळायला कुणाच्या तरी हाताखालचं काम आणि त्यांचं वर्तणुकीचं पत्र लागतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बाबा रंगारी आहेत. माझं प्रमाणपत्र टांगायला त्यांनी भिंतीचा तेवढाच चौकोन वेगळ्या रंगाने रंगवला. शेजारीच तेवढाच आणखी एक चौकोन रंगवून ठेवलाय, सनदेसाठी. तो रोज जेवताना समोर येतो.

सर मला सगळी कागदपत्रं मोठ्याने वाचायला लावतात. "डोळ्यांनी वाचलेलं निसटतं, कानांनी ऐकलेलं राहतं," म्हणतात. माझ्या वर्गातल्या मुली मोठ्या वकिलांकडे नुसत्या झेरॉक्स काढतात. मला मात्र एवढा मोठा माणूस समोर बसवून शिकवतो आहे. आज चौतीस पानं झाली, सात वेळा "परत वाच". रोज किती वाचलं ते मी वहीच्या शेवटच्या पानांवर मांडून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही, उगीच आपलं समाधान.

सरांची शिस्त मात्र कडक. खुर्च्या जिथल्या तिथे, पेन उजव्या हाताला, पाण्याचा पेला डाव्या. काल झाडताना मी एक खुर्ची हातभर सरकवली, तर काकू, सरांच्या पत्नी, आतून धावत आल्या. "अगं, ती होती तिथे ठेव आधी." सरांपेक्षा काकूच त्यांच्या शिस्तीला जास्त भितात.

१९ फेब्रुवारी

आज कारखाना पाहायला गेलो. भांडण दोन साडूंचं. बायका सख्ख्या बहिणी, नवरे धंद्यातले भागीदार. प्रयोगशाळेत लागणारी काचेची भांडी करतात. थोरले भट्टीपाशी, धाकटे बाजारात. आता भागी मोडायची आहे. थोरल्यांना भट्टी चालू ठेवायची आहे, धाकट्यांना भट्टी विझवून त्या जागेत गोदाम काढायचं आहे. गोष्ट एवढीच, कागद चारशे पानांचे.

जिना अरुंद होता. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मला फार अभिमान वाटला. कुणी पाहावं तर वाटावं, गुरू आणि शिष्या.

भट्टीचं तोंड उघडल्यावर सर बराच वेळ त्या उजेडाकडे पाहत राहिले. थोरले म्हणाले, "साहेब, ही विझली की आतली काच वितळवायची मूस तडकते. मग नवी मूस, नवी बांधणी, सगळं पहिल्यापासून. आमची ही बारा वर्षांत एकदाही थंड झालेली नाही." "ही" म्हणजे भट्टी. काकू बरोबर असत्या तर नक्की हसल्या असत्या.

मग थोरल्यांनी दोन चंबू पुढे ठेवले. सरांनी ते हातात घेऊन काठावरून बोट फिरवलं, मानेवरून फिरवलं. एक थोरल्यांकडे दिला. दुसरा तसाच धरून म्हणाले, "हा तुमच्या हातचा नाही. हा तुमच्या साडूचा. मान अशी निमुळती दुसऱ्या कुणाची येत नसे." मग धाकट्यांना उद्देशून, "तुम्ही काच फुंकणं का सोडलंत?"

धाकटे दाराशी उभे होते. त्यांच्या बुटांचे तळ मऊ असतात, येतात-जातात ते कळत नाही. कामगार पाठीमागे त्यांना मांजर म्हणतात. ते काहीच बोलले नाहीत. चंबू घेऊन खिडकीशी गेले आणि परत निघेपर्यंत तिथेच होते.

काच न पाहता नुसती चाचपून ओळखणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

११ मार्च

आजची सुनावणी महत्त्वाची होती. कायद्याने लवादाला एक वर्ष मिळतं. आमचं वर्ष २० मार्चला संपतंय आणि निवाडा अजून लिहायला घेतलेला नाही. दोन्ही पक्षांनी संमती दिली तर आणखी सहा महिने मिळतात. नाहीतर लवादाचा अधिकारच संपतो. मग कोर्टाने मुदत वाढवून दिली तरच खरं.

प्रत्येक सुनावणीचा रोजनामा मी लिहिते: कोण आलं, काय ठरलं. खाली दोघांच्या सह्या. मागे दोनदा थोरले भट्टीसाठी मधेच उठून गेले आणि सही राहिली. तेव्हापासून मी शक्कल काढली आहे. आल्या आल्या कोऱ्या कागदाच्या तळाशी दोघांच्या सह्या घ्यायच्या, मजकूर नंतर वर लिहायचा. सरांना सांगितलं तर "बघ बुवा तुझ्या सोयीने" म्हणाले.

आज धाकट्यांचे वकील दुसऱ्या कामात अडकले होते, ते एकटेच आले. सही केली, बसले. थोड्या वेळाने त्यांचा फोन थरथरला. ते उठले, सरांकडे पाहून दोन बोटांनी जाऊन येतो अशी खूण केली आणि गेले. ते परत आलेच नाहीत.

शेवटी सर म्हणाले, "सहा महिने वाढवून घ्यावे लागतील. हरकत?" थोरल्यांच्या वकीलबाई म्हणाल्या, "आमची नाही." मग सर धाकट्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "आणि तुमची?" थोडं थांबले. मग हसून म्हणाले, "बरं. मौनं संमतिदर्शनम्. लिही गं."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मला हसू आवरेना. एवढ्या रुक्ष कामात सरांना विनोद सुचतो. धाकट्यांशी त्यांचं आधीच बोलणं झालं असणार, त्याशिवाय सर असं बोलणार नाहीत. मी लिहिलं: मुदतवाढीस दोन्ही पक्षांची संमती. खाली सह्या होत्याच.

आता २० सप्टेंबरपर्यंत काळजी नाही.

२६ एप्रिल

सर आणि काकू पंधरा दिवस तपासणीसाठी बाहेरगावी गेले होते, आज आले. गुडघ्याचं काहीतरी असावं. जिना उतरताना हल्ली फार जपतात. काकू थकलेल्या दिसल्या. सरांनी आल्या आल्या विचारलं, "पान एकशे बारापाशी थांबलो होतो ना?" मी पाहिलं तर खरंच एकशे बारा.

२ ऑगस्ट

निवाडा झाला. सर सांगत गेले, मी लिहीत गेले, मग अठ्ठावीस पानं तीनदा वाचून दाखवली. कारखाना आणि भट्टी थोरल्यांकडे. बाजारातलं दुकान, गिऱ्हाइकं आणि धंद्याचं नाव धाकट्यांकडे. सही करताना सर नेहमीसारखे म्हणाले, "पट्टी ठेव. सही सरळ यायला हवी." मी ओळीखाली पट्टी धरली. सही खरोखर छापल्यासारखी आली.

दोघांना प्रती मी स्वतः नेऊन दिल्या. थोरल्यांनी वाचून कपाळाला लावली. धाकट्यांनी पहिलं पान वाचलं, मग मागे-पुढे चाळून विचारलं, "मुदत मार्चमध्ये संपली होती ना?"

"वाढवली होती की. सप्टेंबरपर्यंत."

"कुणी?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. "तुम्ही दोघांनी," म्हटलं. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अस्सं."

दिवसभर ते "अस्सं" कानात आहे.

२८ ऑक्टोबर

जे व्हायला नको होतं ते झालं. धाकटे कोर्टात गेले. निवाड्याला आव्हान द्यायला प्रत मिळाल्यापासून तीन महिने मिळतात. त्यांनी सत्त्याऐंशीव्या दिवशी अर्ज लावला. मी बोटांवर तीनदा मोजलं. मुदतीत आहे.

अर्जात एकच मुद्दा आहे. मी मुदतवाढीला संमती दिलेली नाही, लवादाचा अधिकार २० मार्चला संपला, म्हणून २ ऑगस्टचा निवाडा म्हणजे नुसता कागद.

अर्ज सरांना वाचून दाखवला. सर शांतपणे म्हणाले, "रोजनाम्यावर त्यांची सही आहे ना?"

"आहे, सर."

"मग झालं."

मी पुढे काहीतरी बोलायला हवं होतं. त्याऐवजी अर्ज फायलीत लावला.

२९ ऑक्टोबर

मी ११ मार्चचं पान काढून वाचलं. हे मीच लिहिलंय. "ते परत आलेच नाहीत." आणि थोड्याच ओळींनंतर, "मी लिहिलं: मुदतवाढीस दोन्ही पक्षांची संमती." एका पानावर दोन्ही. लिहिताना हात कसा अडखळला नाही?

सरांचं आधी बोलणं झालं असेल, हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी मनाशी धरून चालले. सही आधी घ्यायची शक्कलही माझीच. सर अशा गोष्टीची थट्टा का करतील, हाही प्रश्न आज पडला.

८ नोव्हेंबर

कोर्टाने निकाल लागेपर्यंत "जैसे थे" असा आदेश दिला. म्हणजे परिस्थिती आज आहे तशीच राहील. आता आदेशाच्या दिवशी भट्टी पेटलेली होती, म्हणून ती विझवता येत नाही. आणि निवाडा अडकलाय, म्हणून थोरल्यांना माल काढता येत नाही. ते भेटायला आले होते. "रोज भट्टीला खाऊ घालतो आणि समोर हात बांधून बसतो," म्हणाले. "आमची ही म्हणते, अशी सेवा माझी कधी केली नाहीत." या वेळी "ही" म्हणजे खरोखरची ही. हसता हसता त्यांचा चेहरा एकदम पडला. "पोरी, मूस म्हातारी झालीय. किती दिवस तग धरेल सांगता येत नाही."

१५ नोव्हेंबर

वकीलबाईंनी बोलावून घेतलं. कोर्टाने मूळ रोजनामा मागवला आहे, आणि तो लिहिणाऱ्याचं प्रतिज्ञापत्रही. बाईंनी मसुदा तयारच ठेवला होता: "दिनांक ११ मार्च रोजी उभय पक्ष हजर होते व त्यांनी सह्या केल्या."

"यात एक तरी शब्द खोटा आहे का?" त्यांनी विचारलं.

नव्हता. हजर होते, सह्या केल्या. फक्त कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते त्यात नव्हतं.

"बाई, पण तुम्हीही होतात तिथे. ती खुर्ची—"

"मी माझ्या पक्षकाराची संमती दिली. दुसऱ्याच्या खुर्चीची चौकशी करायची माझी जबाबदारी नाही." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "निवाडा योग्य आहे की नाही?"

"आहे."

"मग त्या म्हाताऱ्याची भट्टी तुझ्या एका ओळीसाठी विझवणार आहेस? आणि सनदेच्या अर्जात विचारतात, माहीत आहे ना? तुमच्या वागणुकीबद्दल कुठल्या कोर्टाने शेरा मारला आहे का, म्हणून."

मसुदा पिशवीत घालून आणलाय. सहीची जागा पेन्सिलने खूण करून दिली आहे.

१९ नोव्हेंबर

नाव-गाव न सांगता घरी विषय काढला. एका मैत्रिणीचं म्हणून.

दादा म्हणाला, "मैत्रिणीला सांग, हात दाखवून अवलक्षण करू नये. कुणी विचारलंय का तिला, सही आधी घेतली की नंतर?"

"कोर्ट विचारेल."

"विचारेल तेव्हा बघता येईल. लवादबाई, तुमची मैत्रीण फार विचार करते."

आई म्हणाली, "तिला नीट जेवायला सांग," आणि माझ्याच ताटात वाढलं.

बाबांनी जेवण संपवलं. हात धुताना मात्र म्हणाले, "बाजाराच्या कोपऱ्यावर ते डॉक्टर राहतात, माहीत आहेत ना? त्यांच्या दिवाणखान्याची एक भिंत ओली होती. घाई होती, मी तशीच रंगवली. महिनाभर फार सुरेख दिसली. त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही. अजून भेटले की विचारपूस करतात." हात पुसले. "मी मात्र त्या रस्त्याने जात नाही. नऊ वर्षं झाली. दवाखान्याला मागच्या गल्लीतून जातो."

मग दुसऱ्या चौकोनावरची धूळ फडक्याने झटकली आणि आडवे झाले.

२३ नोव्हेंबर

आज सरांना सांगितलं. काकू चहा घेऊन आल्या होत्या.

"सर, ११ मार्चला मी सह्या सुरुवातीलाच घेतल्या होत्या. तुम्ही संमती विचारलीत तेव्हा ती खुर्ची रिकामी होती."

सरांनी विचारलं, "रिकामी?"

"हो. ते आधीच निघून गेले होते. तुम्हाला खूण करून. तुम्ही थट्टेने विचारलंत आणि हसलात. मला वाटलं तुमचं आधी बोलणं झालंय."

"मी हसलो," सर सावकाश म्हणाले, "कारण मला वाटलं ते बसलेत आणि नेहमीसारखे बोलत नाहीयेत."

काकू कप तसाच ठेवून आत गेल्या. माझ्या मनात आलं, वयाने लक्ष राहत नसेल, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "हो, वय झालंय खरं."

मी वकीलबाईंचा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी "परत वाच" म्हटलं नाही. "हे फाड. जे झालं ते जसं झालं तसं लिही. तुझ्यापुरतं. माझ्यापुरतं मी सांगेन."

"मी लिहून घेऊ का?"

"नको. ते मी तोंडानेच सांगेन."

१० डिसेंबर

प्रतिज्ञापत्र दिलं. दीड पान. सह्या आधी घेण्याची पद्धत माझी, धाकटे गेले होते, ओळ मी लिहिली. वकीलबाईंनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "आता सुटलीस तर नशीब." थोरले बाजूला उभे होते. त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. त्यांनी बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

७ जानेवारी

तारीख होती. सकाळपासून बसलो, नंबर आला नाही, पुढची तारीख मिळाली. थोरले म्हणाले, मुशीला केसाएवढी भेग दिसू लागली आहे.

१७ जानेवारी

सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सर आले. कोर्टाच्या पायऱ्या सोळा. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि ते हळू आवाजात मोजत होते. सोळानंतर म्हणाले, "आता सपाट ना?" मी "हो" म्हटलं आणि चार पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं: सपाट आहे हे दिसत होतं की समोर.

न्यायाधीशांनी मला पुढे बोलावलं. "ही सही या मजकुराच्या आधीची की नंतरची?"

"आधीची."

"मजकूर लिहिताना हे गृहस्थ खोलीत होते?"

"नव्हते."

वकीलबाई उठल्या. म्हणाल्या की संमती नाही असं धरलं तरी कोर्टाला पुरेशा कारणासाठी स्वतःच्या अधिकारात मुदत वाढवता येते. न्यायाधीश म्हणाले, "कारण सांगा. लवादाला वर्ष का पुरलं नाही?"

बाई कागद चाळू लागल्या. तेवढ्यात सर मागच्या बाकावरून उठले. "कारण मी आहे. मला दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, माणसांच्या आकृती कळत नाहीत. काम सुरू झालं तेव्हा थोडं दिसत होतं, मधे गेलं. मी ते लपवलं. चारशे पानं मला ऐकावी लागली, म्हणून उशीर झाला. त्या दिवशी रिकाम्या खुर्चीला मी माणूस समजलो. मुलीला वाटलं, मी थट्टा करतोय."

माझ्या डोळ्यांपुढून सगळं एकेक करून गेलं: खुर्च्या, पट्टी, पेला, चंबू, गुडघे. सव्वा वर्ष मी त्यांच्यासमोर बसत होते. मला दोन धड डोळे आहेत आणि मला काहीही दिसलं नाही.

धाकट्यांचे वकील ताडकन उठले. "मग निवाडा दिला कुणी? या मुलीने? काय वाचलं, काय गाळलं, कुणाला ठाऊक?"

न्यायाधीशांनी मला विचारलं, "काय वाचलं याची काही नोंद?"

नोंद होती. या वहीत, शेवटच्या पानांवर. आणि तीच वही पिशवीत होती. या वहीत दादाची थट्टा आहे, बाबांची ओली भिंत आहे, मांजर आहे. मी वही उलटी करून पुढे केली. "साहेब, फक्त मागची पानं पाहाल का? पुढे माझं खासगी आहे."

"पुढचं मला नको," ते म्हणाले आणि मागून उलगडत गेले. तारीख, पान किती ते किती, किती वेळा "परत". मग धाकट्यांच्या वकिलांना म्हणाले, "तुम्ही कुठलंही पान काढा आणि त्यांना विचारा."

वकिलांनी मधलंच पान काढलं. "पान दोनशे चाळीस."

सर म्हणाले, "धाकट्यांनी थोरल्यांना पाठवलेलं पत्र. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की कारखान्यात आता मला कुणी काही विचारत नाही." आणि पुढे म्हणाले, "हे पान मी सहा वेळा ऐकलं."

न्यायाधीशांनी माझी वही पाहिली. होकारार्थी मान हलवली. धाकटे मान खाली घालून बसले होते.

निकाल पुढच्या शुक्रवारी.

परतताना गाडीत मी म्हटलं, "सर, मला वाटत होतं तुम्ही मला शिकवताय."

"शिकवतच होतो. दोन्ही होत होतं."

मला राग आला आहे. कुणाचा, ते ठरत नाही.

२४ जानेवारी

निकाल. रोजनाम्यातली संमती ही संमती नव्हे, म्हणून २ ऑगस्टचा निवाडा रद्द. पण वाचन पुढे चालू होतं. उशिराला सबळ कारण आहे, ते लपवलं हे चूक, परंतु काम प्रामाणिकपणे झालेलं आहे. म्हणून आजपासून साठ दिवसांची मुदत कोर्ट स्वतः देत आहे. त्यात धाकट्यांना पुन्हा ऐकून नवा निवाडा व्हावा. तोवर भट्टी चालू, मालही काढता येईल. थोरल्यांनी डोळे मिटून घेतले.

मग एक ओळ माझ्यावर. "कोऱ्या कागदावर सह्या घेण्याची पद्धत लवादाच्या सहायिकेने पाडली, ही गंभीर चूक होय. ती तिने आपणहून सांगितली, याचीही नोंद घेण्यात येते." ही ओळ सनदेच्या अर्जाला जोडावी लागेल.

शेवटी न्यायाधीशांनी धाकट्यांकडे पाहिलं. "लवाद बदलून हवा असेल तर आत्ता सांगा."

धाकट्यांचे वकील उठत होते. धाकट्यांनी त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं. "मला विचारताय?"

"तुम्हालाच."

"मग हेच चालतील."

बाहेर व्हरांड्यात ते माझ्याजवळ आले. या वेळीही पाऊल वाजलं नाही. म्हणाले, "त्या दिवशी गॅसवाल्याचा फोन होता. दहा मिनिटांत परत आलो होतो मी. दार बंद झालं होतं आणि तुम्ही लोक आत हसत होतात. तसाच गेलो." मग म्हणाले, "विचारलं असतंत तर तेव्हाही हो म्हटलं असतं."

संध्याकाळी बाबांना ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "ही पण टांगायची असेल तर चौकोन मोठा करावा लागेल," म्हणाले.

३ फेब्रुवारी

सकाळी सरांनी माझं वर्तणुकीचं पत्र सांगितलं आणि मलाच लिहायला लावलं. चूकही सांगितली, बाकीचंही सांगितलं. बाकीचं लिहिताना अक्षर वाकडं आलं. मी पट्टी ठेवली, त्यांनी सही केली. सनद मिळेल की नाही, माहीत नाही. अर्ज उद्या जाईल, कोर्टाच्या ओळीसकट.

अकराला सुनावणी. आता पद्धत बदलली आहे. सगळे बसल्यावर मी मोठ्याने सांगते, "उजवीकडे थोरले आणि वकीलबाई. डावीकडे धाकटे आणि त्यांचे वकील. रोजनाम्याचा कागद कोरा आहे, खाली एकही सही नाही."

"धाकटे खुर्चीत आहेत?" सरांनी विचारलं.

"आहे, साहेब. आज हलत नाही." आणि धाकट्यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केली.

सरांनी कारखान्यात विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला. फुंकणं का सोडलंत? धाकटे बोलू लागले आणि पाऊण तास बोलत होते. वकील मधे बोलायला गेले की ते हात वर करायचे. थोरले आधी छताकडे पाहत होते, मग टेबलाकडे, मग साडूकडे. काय बोलणं झालं ते रोजनाम्यात आहे. ते बंद दाराआडचं आहे, इथे लिहीत नाही.

शेवटी मी पूर्ण रोजनामा वाचून दाखवला. मग कागद पुढे केला. थोरल्यांनी सही केली. धाकट्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं आणि थांबले.

"परत वाच," ते म्हणाले.

मी पहिल्या ओळीपासून परत वाचलं. त्यांनी ऐकलं, आणि सही केली.

आज एक पान. एकदा "परत".